छातीतलं जातं

मुरुडच्या स्टेशनावर उभे राहा. समोरचे रुंद रूळ २००७-०८ नंतरचे आहेत, ते मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवा. त्या जागी अडीच फूट अंतराचे जुने रूळ टाका. सिमेंटचा फलाट काढा, मुरूम पसरा. लातूरकडून धूर दिसायला लागेल. बार्शी लाइटची गाडी येते आहे आणि साल आहे १९२७.

आज तुम्ही बावीस वर्षांची सून आहात. लग्नाला सहा वर्षं झाली. पहिलं बाळंतपण कसंबसं निभावलं, दुसऱ्याला सातव्या महिन्यापासून तुम्हाला आडवं पडता येत नव्हतं. आडवं पडलं की छातीवर कुणी पोतं टाकल्यासारखं होतं. मग उशाला गोधड्यांची चळत लावून बसूनच रात्र काढायची. आडाचं पाणी आणताना तीन वेळा थांबावं लागतं. परवा खोकल्यात रक्त आलं.

"दम लागायलाय, मामी," तुम्ही सासूला सांगता.

"खोकल्यात रगत म्हंजी खोकलाच ग माय," मामी म्हणतात. 'क्षय' हा शब्द त्या तोंडातून काढत नाहीत, पण तुमची ताट-वाटी त्या दिवशीपासून वेगळी होते.

गावानं केलेलं निदान चुकीचं आहे, पण ते मूर्खपणाचं नाही. रक्त पडतं, वजन घटतं, संध्याकाळी गाल तांबूस दिसतात. त्या काळातल्या कित्येक शिकलेल्या डॉक्टरांनीही क्षय आणि तुमचा हा आजार यांची गल्लत केली आहे. तुमची फुप्फुसं मात्र ठीक आहेत. अडलं आहे ते हृदयाच्या डाव्या बाजूचं एक दार.

आठव्या-नवव्या वर्षी तुमचा घसा धरला होता. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे, मग कोपरं. वैद्यानं शेक दिला, सूज उतरली, सगळे विसरले. तुमचं शरीर मात्र विसरलं नाही. घशातल्या जंतूंशी लढायला उठलेल्या फौजेला हृदयाच्या झडपेतही शत्रूचंच रूप दिसलं आणि तिनं झडपेवर हल्ला केला. जखम भरली ती वणासकट. फुप्फुसांतून आलेलं शुद्ध रक्त वरच्या डाव्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात सोडते ती मायट्रल झडप. तिच्या दोन पाकळ्या कडांनी एकमेकींना चिकटत गेल्या. निरोगी माणसात या दाराची वाट चार ते सहा चौरस सेंटिमीटरची असते. तुमची एकाच्या आसपास उरली आहे. सदऱ्याच्या काजाएवढी. दार उघडत नाही म्हणून रक्त मागे तुंबतं, फुप्फुसांत ओल भरते, बारीक रक्तवाहिनी फुटते. मुरुडला ते खोकल्यातलं रक्त दिसतं.

गाडीत बसा. याच वर्षी ही लाइन मिरजेपर्यंत पोचली आहे. कमरेच्या पिशवीत निजामाचे हाली रुपये आहेत. बार्शीची हद्द लागली की इंग्रजी मुलूख आणि कलदार रुपया. पुढे पंढरपूर. त्याच्याही पुढे मिरज, म्हणजे तिसरं राज्य. तिथं विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये काढलेला मिशनचा दवाखाना आहे, आणि सांगलीच्या वाटेवर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम. मराठवाड्यातल्या माणसासाठी अर्धी आशा या अरुंद रुळांच्या टोकाला आहे.

तिथला डॉक्टर छातीला नळी लावतो. चांगला डॉक्टर असला तर त्याला कळतं. नळीतून त्याला तुमच्या प्रत्येक ठोक्यानंतर एक हलकी घरघर ऐकू येते. पहाटे चौथ्या-पाचव्या घरी कुणी दळत असावं आणि भिंतींतून जात्याचा आवाज यावा, तशी. तो मान डोलावतो. डिजिटालिसच्या पानांची पूड देतो, मीठ कमी खायला सांगतो, आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगतो की आता पुन्हा दिवस जाऊ देऊ नका.

म्हणजे १९२७ मध्ये निदान होऊ शकतं. अडलेलं दार मोकळं करील असं मात्र काही नाही.

खरं तर दोन वर्षांपूर्वी, मे १९२५ मध्ये, लंडनला हेन्री सौटर या शल्यविशारदानं एका मुलीची छाती उघडून हृदयात बोट घातलं होतं आणि अशीच चिकटलेली झडप मोकळी केली होती. मुलगी जगली. त्यानंतर एकाही फिजिशियननं त्यांच्याकडे दुसरा रोगी पाठवला नाही. त्या काळच्या मोठ्या डॉक्टरांची पक्की समजूत होती की दोष झडपेचा नाही, हृदयाच्या स्नायूचा आहे. तेव्हा ही बातमी मुरुडला पोचली नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. ती लंडनच्या पुढच्या गल्लीतही पोचली नव्हती.

परतीच्या गाडीत बसा आणि साल बदला.

१९५७. तीच गाडी, तोच धूर. वय पुन्हा बावीस, झडप तीच. बाहेर मात्र बरंच काही झालं आहे. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला. तीन वर्षांपूर्वी बार्शी लाइट सरकारच्या ताब्यात गेली. मागच्या नोव्हेंबरपासून मराठवाडा मुंबई राज्यात आला. आणि ज्या १९४८ मध्ये तुमच्या माहेरची माणसं रझाकारांच्या भीतीनं शेतात लपत होती, त्याच वर्षी जूनमध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांनी मायट्रल झडप पुन्हा बोटानं उघडली. आधीचे रोगी दगावले होते. त्या दिवशी त्यांनी दोन वेगवेगळ्या हॉस्पिटलांत दोन शस्त्रक्रिया ठेवल्या होत्या, कारण पहिल्या ठिकाणी अपयश आलं तर दुसऱ्या ठिकाणी पोचण्याआधीच आपल्याला थांबवतील ही धास्ती. पहिला रोगी गेला. दुसरा वाचला. एवढ्यावरून झडपेच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शास्त्र उभं राहिलं.

सोलापूरच्या डॉक्टरनं एक्स-रे खिडकीशी धरून सांगितलं, "क्षय नाही. मुंबईला न्या." कुर्डूवाडीला गाडी बदला. रात्रभर मोठ्या गाडीत टेकून बसा, आडवं व्हायचं तर तुम्हाला जमणार नाहीच. सकाळी दादर, मग परळ. केईएम हॉस्पिटल. फाटकाबाहेर पदपथावर बोचकी आणि स्टोव्ह मांडून बसलेली माणसं दिसतील. त्यांत साताऱ्याचे, रत्नागिरीचे, खानदेशातले आहेत. तुमच्या दिराला तिथंच जागा करून द्या.

आता तपासणी. तरुण डॉक्टर तुम्हाला डाव्या कुशीवर वळायला सांगतो. पदर सरकवताना तुम्ही लाजता. लाजा, पण एक गंमत सांगतो. १८१६ मध्ये पॅरिसच्या लायनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली. डॉक्टरांच्या गळ्यातली ती नळी अशाच एका संकोचातून जन्मली. नळीचं घंटेसारखं तोंड तुमच्या डाव्या स्तनाखाली अलगद टेकतं. दाबलं तर आवाज हरवतो. डॉक्टर डोळे मिटतो. आधी ठसठशीत पहिला ठोका, मग दुसरा, त्याला लागून एक बारीक 'टक्', म्हणजे ताठरलेली झडप उघडू पाहते तो आवाज, आणि मग जातं. 'टक्' जितकं दुसऱ्या ठोक्याच्या जवळ, तितकं दार अरुंद. हे गणित कानानंच करायचं.

मग अंधाऱ्या खोलीत खडूच्या पाण्यासारखं पांढरं बेरियम प्यायचं. पडद्यावर अन्ननलिका दिसते आणि ती एका जागी मागे ढकललेली असते. फुगलेला डावा कप्पा तिला रेटतो आहे. झडप कुणालाच दिसत नाही, तिच्या शेजाऱ्यांची झालेली अडचण तेवढी दिसते. हृदयाच्या निदानाची कित्येक वर्षं अशी शेजारपाजाऱ्यांची साक्ष काढण्यात गेली.

विभागाचे प्रमुख प्रफुल्लकुमार सेन. फिलाडेल्फियात शिकून आलेले, घाईत चालणारे. त्यांच्या हाताखाली जी. बी. परुळकरांसारखे तरुण तयार होत आहेत. हॉस्पिटल महापालिकेचं. इथं संशोधन चालतं ते मिलमधल्या कामगारांवर, कोकणातल्या चाकरमान्यांवर आणि आता मुरुडच्या सुनेवर. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पाश्चात्त्य पुस्तकं तेव्हा हा आजार मध्यमवयीनांचा म्हणून शिकवत होती. आपल्याकडे तो विशीत, कधी त्याच्याही आत दार बंद करत होता. ते कळायला ही गर्दी समोर असावी लागते.

तुम्हाला भूल दिली आहे. पण काळात फिरणाऱ्याला एवढी सवलत असते, वर येऊन बघा.

डाव्या बरगड्यांमधून वाट केली आहे. हृदय धडधडतं आहे, त्याला थांबवलेलं नाही. वरच्या डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखं एक टोक असतं. त्याच्या भोवतीनं टाका फिरवतात, बटव्याच्या तोंडाला नाडी ओवावी तसा. टोक कापतात, आणि रक्त उसळायच्या आत शल्यविशारदाची तर्जनी आत जाते. सहायक नाडी आवळतो. आता बोट तुमच्या हृदयात आहे आणि रक्त बोटाभोवतीनं वाहतं आहे.

त्याला काहीच दिसत नाही. खोलीतले सगळे बोलायचे थांबले आहेत. तो छताकडे बघतो आहे, कारण डोळ्यांचा उपयोग नाही. बोटाच्या टोकाला एक कडक कड लागते, मध्ये फट, माशाच्या ओठांसारखी. बोट फटीत गेलं की रक्ताची वाट पुरती बुजते, म्हणजे दोन-तीन ठोक्यांच्या आत काम उरकायला हवं. काही सर्जन बोटाला इवलीशी सुरी बांधत. इथं नुसतंच बोट. पाकळ्या जिथं जुळल्या आहेत तिथं तो दाबतो. चिकटलेला पापड सोडवताना हाताला कळतं ना, की आता सुटेल किंवा आता फाटेल? तसं. सुटलं तर बाई घरी जाईल. पाकळीच फाटली तर रक्त उलटं फिरेल, आणि त्यावर या सालात इलाज नाही.

सुटतं.

बोट बाहेर येतं, नाडी आवळली जाते. चौथ्या दिवशी तोच तरुण डॉक्टर पुन्हा नळी लावतो आणि बराच वेळ ऐकत राहतो. जातं पुरतं थांबलेलं नाही. पण फार लांबच्या घरात गेलं आहे. त्या रात्री तुम्ही कितीतरी वर्षांनी आडव्या झोपता. वण पुन्हा धरू शकतो, दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा यावं लागेल, हे तुम्हाला सांगितलं आहे. तुम्ही ऐकलेलं नाही, झोप लागली होती.

जाता जाता स्वीडनमधलं लुंड. १९५३ मध्ये तिथले डॉक्टर इंगे एडलर याच प्रश्नानं हैराण होते: छाती उघडण्याआधी मायट्रल झडप कशी आहे हे कसं कळावं? हेल्मुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातलं, पोलादातली चीर शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र आणलं आणि छातीवर धरलं. ज्याला आज आपण 'टूडी इको' म्हणतो, त्याचा उगम हा. तुमच्यासारख्या बायकांच्या झडपेपायीच तो शोध लागला. तुम्ही अंधाऱ्या खोलीत बेरियम पीत होता तेव्हा तो शोध चार वर्षांचा होता आणि परळपासून फार दूर होता.

आता अंग बदला. १९६५, तुम्ही पन्नाशीचे शेतकरी. मोट गेली, इंजिन आलं, तरी ढेकळांतून चालताना छातीत आवळून येतं, डाव्या हातात कळ उतरते. थांबलं की जाते. तुमच्या झडपा ठणठणीत आहेत. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या मात्र आतून जाड झाल्या आहेत. क्लीव्हलंडमध्ये मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये चुकून एका रोग्याच्या करोनरी धमनीतच रंगद्रव्य सोडलं आणि त्यातून अँजिओग्राफी मिळाली. पण धमनी कुठं तुंबली हे कळूनही करायचं काय? बायपासला अजून दोन वर्षं आहेत. तुम्हाला जिभेखाली ठेवायची गोळी मिळते.

सेन त्या वेळी सापाच्या हृदयाचा विचार करत होते. तुम्हाला हसू येईल. परळच्या त्याच परिसरात हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये सर्पदंशावरचं प्रतिविष तयार होत असे, त्यामुळे साप हा तिथं परका विषय नव्हता. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू स्पंजासारखा असतो. त्याला धमन्यांची फारशी गरज पडत नाही. आतल्या पोकळीतलं रक्त थेट बारीक फटींतून स्नायूत झिरपतं. मग माणसाच्या हृदयाला सुयांनी आरपार टोचून अशा फटी पाडल्या तर? सेन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर हे करून पाहिलं आणि १९६५ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात छापलं. पाडलेली भोकं पुढे बुजतात असं दिसलं. दोन दशकांनी लेझरवाल्यांनी तीच कल्पना पुन्हा उचलली. याला फसलेला प्रयोग म्हणावं की लवकर आलेला, यावर मी अजून ठाम नाही. पण काळ्या मातीत पाणी कसं मुरतं हे ज्यानं पाहिलं आहे, त्या मुरुडच्या माणसाला ही कल्पना एका वाक्यात पटली असती.

फेब्रुवारी १९६८ मधली केईएमची ती रात्र मी तुम्हाला पुरती दाखवणार नाही. बर्नार्ड यांच्या केपटाउनच्या हृदयरोपणाला तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांच्या पथकानं हृदय बदललं, जगातलं सहावं. रोगी तीनेक तास जगला. गाजली ती हीच रात्र. झडपांचं रोजचं काम कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि गावोगाव परत गेलेल्या बायकांनी त्याची आठवण ठेवण्याची काही सोय नव्हती.

त्यापेक्षा थोडं मिनेसोटात चला. तिथं वॉल्टन लिलेहाय यांच्या प्रयोगशाळेत भगवंत काळके हे मुंबईचे तरुण सर्जन एक कृत्रिम झडप घडवत आहेत. १९६० पासून तेव्हा जी झडप बसवत, ती पिंजऱ्यात कोंडलेल्या गोटीसारखी असे. चालायची, पण गोटी वाटेतच उभी, रक्ताला तिच्या बाजूनं वळसा. काळके यांनी पिंजरा नको, गोटीही नको असं ठरवलं. एका कड्यात दोन कडक अर्धगोल पाकळ्या, बिजागरीवर फिरणाऱ्या. तुमच्या वाड्याचं दार आठवा. दोन कवाडं. उघडली की मधली वाट मोकळी, मिटली की कडी न लावता बंद. १९६८ मध्ये ती एका रोग्याला बसवली. तो दोन दिवसांत गेला आणि ती झडप तिथंच थांबली. १९७७ मध्ये त्याच मिनेसोटात दोन पाकळ्यांची नवी झडप आली, कार्बनची. आज जगभर बसतात त्या धातू-कार्बनच्या झडपांत हाच दोन कवाडांचा घाट सर्वाधिक दिसतो. तिरुवनंतपुरमला वलियाथन यांच्या चमूनं एका चकतीची 'चित्रा' झडप केली. ६ डिसेंबर १९९० ला ती पहिल्यांदा माणसात बसली, आणि तिची किंमत आपल्याकडच्या माणसाच्या आवाक्याजवळ आली. अशी झडप घातलेल्या बाईच्या शेजारी निजून बघा. सगळीकडे सामसूम झाली की तिच्या छातीतून घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

१९९९. पुन्हा बावीस, पुन्हा सून. यावेळी एसटी. नवऱ्याच्या खिशात पिवळं रेशनकार्ड आणि जीवनदायी योजनेचा कागद. गरिबांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च सरकार उचलतं म्हणून त्या कागदाला चार कार्यालयांचे शिक्के लागले आहेत. तुमची छाती कुणी उघडत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर जाते, दोन कप्प्यांमधला पडदा टोचून डावीकडे येते. टोकाला जपानच्या कांजी इनोउए यांनी शोधलेला फुगा. तुम्ही जाग्या आहात. पडद्यावर फुगा फुगतो, मध्ये कंबर आवळल्यासारखा दिसतो, आणि मग ती कंबर एकदम नाहीशी होते. सौटर यांच्या बोटाचं काम झालं.

"झालं?" तुम्ही विचारता.

"झालं, ताई."

आणि आता आजचं मुरुड. तो पन्नाशीचा शेतकरी तुम्ही पुन्हा व्हा. पहाटे छातीत आवळलं, घाम फुटला. घरचे म्हणतात ग्यास झालाय, सोडा प्या. पिऊ नका. निदान त्यावर तासभर घालवू नका. ईसीजीच्या पट्टीचा फोटो मुरुडमधून लातूरच्या हृदयरोगतज्ज्ञाच्या फोनवर जायला मिनिट लागत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, मग लातूरचा रस्ता, मग मनगटातून गेलेली तार आणि स्टेंट. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं औषधी लेपाच्या स्टेंटवर २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, त्याआधी तोच लाखाच्या पुढे जायचा. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होतं, आज ती महात्मा फुल्यांच्या नावानं सगळ्या राज्यात आहे. यंत्रं जवळ आली, पैशाची वाटही थोडी निघाली. उरला तो सोड्यातला तास.

मला तुम्हाला शेवटी घेऊन जायचं होतं ते मात्र एका बाकड्याकडे. दवाखान्याच्या ओट्यावर नऊ वर्षांची मुलगी आजीबरोबर बसली आहे. मागच्या वर्षी तिचा घसा धरला, गुडघे सुजले. या वेळी कुणीतरी विसरलं नाही. लातूरला इको झाला. झडप किंचित जाड, दार उघडं. म्हणून आता दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. घट्ट, दुधाळ, भयंकर दुखणारं. सिस्टर बाटली हलवते, लवकर टोचावं लागतं, नाहीतर सुईत अडकतं.

"अजून किती दिवस?" मुलगी विचारते.

"एकवीस वर्षांची होईस्तोवर, बाई."

मुलगी वहीच्या मागच्या पानावर मांडते. वर्षाला सतरा. बारा वर्षं. गुणाकार करते, ओठ हलवत, आणि उत्तराखाली दोन रेघा ओढते. २०४.

"आज उजव्या बाजूला," ती सिस्टरला बजावते. "मागल्या टायमाला डाव्या होतं."